भिंतीकडचं झाकण

४ मार्च

फुटपट्टी,

हे पत्र फाडायचंच असेल तर दुसरं पान वाचून मग फाड. पहिल्या पानावर नुसती मी आहे. कामाचं जे आहे ते दुसऱ्यावर आहे.

तीन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. मीही मनधरणी केली नाही आणि आज करायलाही बसलेली नाही. आपण दोघं आप्पांची मुलं. आप्पा दारात डोकं आपटलं तर दारालाच शिव्या घालायचे आणि पुन्हा तितक्याच ताठ मानेनं त्याच दारातून जायचे. तेव्हा गळाभेटीची वाट बघू नकोस. मला तुझी वही हवी आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कूलरच्या गणिताची.

साहेबांना हार्डनिंग खातं बंद करायचं आहे. तू ज्याला ‘आपलं खातं’ म्हणायचास तेच. भट्टीतून लाल झालेले गियर तेलाच्या टाकीत बुडवायचे, तापलेलं तेल कूलरच्या ट्यूबांतून फिरवून थंड करायचं आणि परत टाकीत सोडायचं. एवढ्या कामावर चव्वेचाळीस घरं चालतात. आता भट्टी मोठी आणली, कूलर मात्र तुझ्या वेळचाच. दुपारी बारालाच टाकीतलं तेल ऐंशीच्या वर जातं. मग काम थांबवा, दोन तास तेलाकडे बघत बसा. साहेब म्हणतात, बाहेरून करून घेऊ, स्वस्त पडेल.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. “नवा कूलर बसवा.”

“जागा नाही.”

“मग आहे तोच सुधारा.”

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. “सुधारून झालंय, बाई. तुमच्याच भावानं केलं होतं. शेवटचं पान वाचा.”

शेवटच्या पानावर लिहिलंय की ट्यूबांमध्ये घातलेल्या पिळाच्या पट्ट्यांनी तेलाची वाट अडवली, तेल तापलं, टाकीवर भडका उडाला, एक कामगार भाजला, आणि हे सर्व डिझाइन सदोष असल्यामुळे. खाली तुझी सही आहे. ‘मान्य’ असं लिहून केलेली.

मी फाइल मिटून परत सरकवली. तुला हसू येईल, पण वाद घातला नाही.

वही पाठव. वर्गात मागच्या बाकावर झोपलेल्या मुलांसारखं तेल ट्यूबच्या कडेला पडून राहतं, मधलं गरम तेल मधूनच सटकतं, आणि भिंतीपलीकडचं थंड पाणी वाट बघत बसतं, हे तूच मला चहाच्या कपात चमचा फिरवून समजावलं होतंस. पट्टी घातली की तेल गिरकी घेतं, मधलं कडेला येतं, कडेचं मध्ये जातं. खळबळ माजली की उष्णता भिंतीला भिडते. हे वाक्य मी पुढे युनियनच्या किती भाषणांत वापरलं याची गणती नाही. तुझं नाव न घेता.

ताई


१३ मार्च

फुटपट्टी,

वही आली नाही. ठीक. मी पुन्हा लिहिते.

खात्यात नवी इंजिनियर आली आहे. सव्वीस वर्षांची, चष्मा, दोन्ही खिशांत खडू. प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारते म्हणून सगळे तिला काबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि ती त्यावरही ‘का’ विचारते. तुझा रिपोर्ट तिनं वाचला आणि पहिल्याच दिवशी भंगाराच्या कोठीत शिरली. तासाभरानं हातभर लांबीचा पट्ट्यांचा गुंता घेऊन बाहेर आली आणि तो माझ्या बाकावर टाकला.

“ह्या अशा चुरगळल्या कशा?”

“तेलाच्या जोरानं,” मी म्हणाले.

“तेलाचा जोर पट्टीला पुढे ओढतो. पट्टी आत जाणाऱ्या तोंडाला टांगली असेल तर ती ताणून सरळ राहील. चुरगळणार का?”

मग तिनं काय केलं ऐक. हात धुवायच्या नळाखाली एक चिंधी धरली. वरचं टोक धरलं तेव्हा चिंधी धारेत सरळ उभी राहिली. मग खालचं टोक धरून चिंधी धारेत उभी करायला गेली, तर चिंधी कोसळून तिच्या मुठीवर गोळा झाली. “पट्ट्या अडकवायच्या पिना कुठल्या टोकाला होत्या, ताई? तुमच्याच फिटरांच्या टोळीनं बसवल्या होत्या ना?”

“आता आठवत नाही,” मी म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. चष्म्याआडून बघणाऱ्या माणसांचं मला कळत नाही, ती विचार करतात की हिशेब मांडतात.

तू एवढंच कळव: एकशेवीस ट्यूब, तेलाचा वेग सेकंदाला दीड फूट, पीळ तू सांगितला होतास तोच, तर पंपावर किती दाब वाढेल? तेवढं कळलं तर ती पुन्हा चाचणी मागणार आहे. साहेब नाही म्हणणारच, पण त्यांनी कशाला नाही म्हटलं हे सगळ्यांना दिसू दे.

ताई


२१ मार्च

फुटपट्टी,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पाच ओळी, आणि त्यातल्या दोन माझी चूक काढणाऱ्या. ‘वेग दीड फूट नव्हे, एक फूट. तू पंपाच्या पाटीवरचा आकडा घेतला आहेस. मी हे काम सोडलं आहे, गोदामात नोंदी ठेवतो. ज्याच्या गणितानं माणूस भाजला त्यानं गणित करू नये. पुन्हा लिहू नकोस.’

हे मी पाच वेळा वाचलं. पहिल्या चार वेळा तुझा राग आला. एवढा हुशार माणूस, आणि एका रिपोर्टनं असा आडवा होतो? लढायचं सोडून गोदामात जाऊन बसतो? तुला झापायला कागद घेतला, अर्धं पान लिहिलंही. चांगलं लिहिलं होतं. माझं नेहमी चांगलंच होतं.

ते फाडलं. आता हे वाच आणि मध्ये थांबू नकोस.

झाकण मी एकाच बाजूचं उघडलं होतं.

तुझ्या ड्रॉइंगवर बाण होता. बाणाखाली ‘याच बाजूने’ आणि त्याखाली दोन रेघा. ती तेल आत येण्याची बाजू, आणि तिचं झाकण भिंतीपासून वीतभर अंतरावर. ते उघडायचं तर वरचा वाकडा पाइप सोडवायचा, कूलर साखळीनं उचलून पुढे घ्यायचा, म्हणजे शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत काम. बाहेर पडण्याच्या बाजूचं झाकण मोकळं होतं, सोळा बोल्ट आणि काम झालं. टोळीतले दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “पिन ती पिन. इकडून घातली काय आणि तिकडून घातली काय, आडवीच राहणार.” त्यातला मोठा म्हणाला, “पण साहेबांनी रेघा मारल्यात.” साहेब म्हणजे तू. मी म्हणाले, “रेघा मारायला त्याला पगार मिळतो.”

दोघं हसले. माझ्या विनोदाला माणसं हसतातच.

घाई कशाची होती ते विचार. रविवारी संध्याकाळी पलीकडच्या कारखान्याच्या गेटवर माझं भाषण होतं. विषय होता, हातानं काम करणाऱ्यांचं शहाणपण.

रविवारी दुपारी एकला आम्ही झाकण लावलं. तू आलास, गेज बघितलंस, माझ्या पाठीवर थाप मारलीस. “लवकर झालं?” “माझी टोळी आहे,” मी म्हणाले. भाषण उत्तम झालं.

मंगळवारी भडका उडाला. भाजलेल्या मामांना, खात्यातल्या सगळ्यांच्या मामांना, दवाखान्यात नेलं आणि मी एकटीनं कूलर उघडला. एकशेवीस पट्ट्यांपैकी अर्ध्याहून जास्त ट्यूबांतून सरकून बाहेर आल्या होत्या, झाकणावर आपटून दुमडल्या होत्या, एकमेकींत गुंतून तेलाच्या तोंडावर बसल्या होत्या. पिन पट्टीला आत जाण्यापासून अडवत होती. बाहेर येण्यापासून तिला अडवणारं काहीच नव्हतं. बघितल्या क्षणी मला कळलं. आप्पांची शपथ घेत नाही, पण क्षणात कळलं.

तू धावत येईपर्यंत मी गुंता काढून कोठीत टाकला होता. तू दम खात विचारलंस, “ताई, झाकण कुठलं उघडलं होतं?”

मी म्हणाले, “दोन्ही.”

तू मान हलवलीस. माझ्यावर तुझा विश्वास होता, म्हणून मग तू स्वतःचं गणित तपासायला बसलास. रात्रंदिवस बसलास म्हणे. चूक सापडली नाही, तरी सही केलीस, कारण पट्ट्या माझ्या हातच्या होत्या आणि माझे हात चुकत नाहीत असं तू लहानपणापासून मानत आलास.

पुढचं तर तू ऐकलंच आहेस. शुक्रवारी मी गेटवर उभी राहिले आणि म्हणाले, कागदावर रेघा मारणाऱ्यांनी एकदा टाकीसमोर उभं राहावं. टाळ्या थांबेनात. तू सायकल स्टँडपाशी होतास. मी तुला बघितलं आणि आवाज चढवला.

तुझं गणित बरोबर होतं. हे वाक्य लिहायला तीन वर्षं लागली, आणि लिहायला लागल्यावर अर्धं मिनिटही लागलं नाही.

ताई


२९ मार्च

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नाही. पण कोणाला सांगितलं ते तुला कळलं पाहिजे.

आधी मामांकडे गेले. ते दारातल्या स्टुलाला रंग देत होते, डाव्या हातानं. उजवा अजून पुरता वळत नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. ते ब्रश थांबवेनात.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं.”

“बस मग. त्या स्टुलावर नको, ओला आहे.”

मी पायरीवर बसले. त्यांनी स्टुलाचा एक पाय पूर्ण केला आणि मग बोलले. “तीन वर्षं माझ्या हातावर भाषणं केलीस तू, पुढारीण. ‘मामांचा हात विसरू नका.’ एकदा तरी येऊन हाताला विचारलंस, तुझं काय म्हणणं आहे?”

“नाही.”

“तुझा भाऊ दर महिन्याला पत्र टाकतो मला. ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. तू मला कधी सांगणार होतास?

“माफी मागतो. दरवेळी. मी दरवेळी नातवाकडून लिहून घेतो, पोरा, असू दे, झालं ते झालं. छत्तीस पत्रं असतील. त्यानं काही केलंच नव्हतं, तर मी कोणाला माफ करत होतो गं इतके दिवस?”

फुटपट्टी, मी सतरा वर्षांची होते तेव्हापासून माईकसमोर बोलते आहे. मालक, पोलीस, मंत्री, सगळ्यांना तोंडावर उत्तरं दिली. त्या पायरीवर मी रंगाच्या डब्याचं झाकण हातात घेऊन बसले.

“मला माफ करा म्हणायला आलीस का?” मामांनी विचारलं.

“नाही. सांगायला आले. आणि सभेत सांगणार आहे, हे सांगायला.”

“बोलशील सगळ्यांसमोर?”

“हो.”

“माईकवरून बोल. हळू बोललीस तर मी मागून ओरडेन, ऐकू येत नाही म्हणून.” मग ब्रश डब्यात ठेवत म्हणाले, “आणि रडायचं नाही. तू रडलीस की लोकांना तुझीच दया येते. हात माझा आहे.”

निघताना त्यांनी मला चहा विचारला नाही. बरोबर केलं त्यांनी.

ताई


९ एप्रिल

सभा काल झाली. जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या हॉलमध्ये. खात्यातले सगळे, शिवाय इतर खात्यांतले शंभरेक. साहेब आणि त्यांचे दोघं सहायक मागच्या दारात उभे. त्यांना वाटलं संपाची हाक असेल.

मी पाच मिनिटं बोलले. माझ्या आयुष्यातलं सर्वात छोटं भाषण. कुठलं झाकण, कोणत्या दिवशी, का, आणि तुला मी काय उत्तर दिलं. टोळीतल्या दोघांची नावं घेतली नाहीत. मी त्यांची पुढारी होते, ते माझ्या भीतीनं गप्प राहिले, त्यामुळे तीही चूक माझ्याच खात्यात. पण मोठा स्वतःच उठला आणि म्हणाला, “मी होतो. मी हसलो होतो.” आणि बसला.

मग जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं, खाली उतर. कोणी म्हणालं, सख्ख्या भावाला विकलंस, आम्हाला काय सोडशील? गियर कापणाऱ्या खात्यातली माझी जुनी मैत्रीण, जिच्या लेकीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होते, ती उठून निघून गेली. ती निघून गेली ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

साहेब पुढे आले. हसत होते. “आता तर सिद्धच झालं ना? तुमची माणसं ड्रॉइंगप्रमाणे काम करत नाहीत. अशा माणसांच्या भरवशावर मी खातं चालवायचं?”

तिथे मी खाली उतरणार होते, उतरले नाही. मी म्हणाले, “माझ्या भरवशावर चालवू नका. मला काढा. आज काढा, मी गेटपर्यंत स्वतः चालत जाईन. पण तुमच्या फाइलचं शेवटचं पान खोटं आहे हे आता दीडशे माणसांना माहीत आहे. पट्ट्या चुकीच्या ठरल्या नाहीत. पट्ट्या अजून एकदाही नीट बसवल्याच गेल्या नाहीत. ज्या कारणासाठी तुम्ही खातं बंद करताय ते कारणच मी आत्ता तुमच्या हातातून काढून घेतलं. दुसरं असेल तर सांगा, आम्ही ऐकतो.”

काबाई उभी राहिली आणि म्हणाली, “मला अठ्ठेचाळीस तास आणि ती भिंत हवी.”

“भिंत?” साहेब म्हणाले.

“कूलरमागची. तिला भोक पाडलं की झाकण समोरून उघडता येईल. ती भिंत तिथे का आहे, हे मला इथे आल्यापासून कोणी सांगू शकलेलं नाही.”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. मामांनी मागून विचारलं, “नाही म्हणताय का, साहेब? मोठ्यानं म्हणा. मला ऐकू येत नाही.”

चाचणी मिळाली. मला चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला केलं आहे आणि युनियननं त्याच संध्याकाळी मला पदावरून काढलं, हात वर करून, एकमतानं. एकमतात माझाही हात होता.

ताई


२ मे

मला गेटच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलेलं आहे. काबाई आणि मामा दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि आकडे जुळले, म्हणून लिहिते.

भिंत फोडायला हार्डनिंगचे सगळे आले. ज्यांची पाळी नव्हती तेही. पट्ट्या लेथवर पिळल्या: एक टोक लेथच्या पकडीत, दुसऱ्याला ओझं, हातानं सावकाश फिरवत, प्रत्येक पट्टीचा पीळ तुझ्या ड्रॉइंगवर ठेवून तपासलेला. ते ड्रॉइंग तीन वर्षं माझ्या कपाटात होतं. मी ते काबाईला दिलं तेव्हा तिनं ‘का’ विचारलं नाही. एकशेवीसच्या एकशेवीस बाणाच्या बाजूनं घातल्या, पिना आत जाणाऱ्या तोंडावर. बोल्ट टोळीतल्या त्या मोठ्यानं आवळले. मध्ये कोणीतरी विनोद केला तर तो म्हणाला, हसायचं नंतर.

पंपाचा दाब दोनवरून तीनला गेला. पंप कुरकुरला नाही. दुपारी बारा, भट्टी पूर्ण भरलेली, बाहेर अंगाची लाही होणारं ऊन. टाकीतलं तेल त्रेसष्ट. दोन वाजता चौसष्ट. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी कूलर उघडून बघितला, एकही पट्टी सूतभर सरकलेली नव्हती. चव्वेचाळीस माणसं रोज कामावर जात आहेत. साहेबांनी बंद करण्याचा कागद मागे घेतलेला नाही, ‘तूर्त स्थगित’ असं लिहिलं आहे. तूर्तचं बघून घेतील ते लोक. माझ्याशिवाय.

काल गेटवर सभा होती, बाहेर रस्त्यावर, म्हणून मला जाता आलं. टोळीतला तो मोठा बोलला. अडखळत बोलला, दोन वेळा आकडे विसरला. मी सायकल स्टँडपाशी उभी होते. तिथून माईकचा आवाज कसा येतो हे मला पहिल्यांदाच कळलं. शब्द उशिरा पोचतात, आणि माणूस त्यांना उलट उत्तर देऊ शकत नाही.

रिपोर्टचं शेवटचं पान बदललं आहे. प्रत सोबत आहे. ‘बसवण्यातील चूक, जबाबदार’ आणि पुढे माझं नाव, माझी सही. मान्य असं लिहून केलेली.

मी क्षमा मागणार नाही. मला ती मागता येत नाही म्हणून नव्हे. मागितली तर तू देऊन टाकशील, मामांना छत्तीस पत्रं लिहिणारा माणूस तू, आणि मग माझं एका ओळीत भागेल. तेवढ्या स्वस्तात मला सुटायचं नाही. तुझ्या गोदामाच्या नोंदी तुला सुखाच्या वाटत असतील तर तिथेच राहा, तोही तुझा हक्क आहे. पण आपण गणितात चुकलो म्हणून तिथे बसला असशील तर ते कारण आजपासून संपलं.

तीन वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावलास, स्वतःवर. आता योग्य माणसावर रागाव. मन भरेपर्यंत रागाव, मी कुठे पळून जात नाही. पत्ता पाकिटावर लिहिला आहे.

ताई